साडेत्रेचाळीस किलो

६ जानेवारी

बारक्या,

तुझं पत्र परवा आलं. तुझ्या वहिनीने ते मोठ्याने वाचलं आणि नेमके तेव्हाच शेजारचे मास्तर घरात बसलेले. झालं! आता सगळ्या जिन्याला कळलंय की आमचा धाकटा पाठीवर त्रेचाळीस किलो घेऊन डोंगर चढतो. काल मास्तरांनी मला अडवून विचारलं, "आणि तुम्ही हो, कारखान्यात बसूनच काम करता ना?" मी म्हटलं, हो, बसूनच. शिलाई मशीन उभ्याने चालवायची पद्धत अजून निघालेली नाही.

अरे, त्रेचाळीस किलोचं एवढं काय? आमच्या कारखान्यात तंबूच्या कापडाचा तागा येतो तो साठ किलोचा. दोन हमाल तो गाडीतून उतरवतात आणि वर विडी ओढत गप्पा मारतात. त्यांच्यावर कुणी पत्र लिहीत नाही. तू मात्र असं लिहितोस की जणू पृथ्वी तुझ्याच खांद्यावर टेकलीय.

रागावू नकोस. तुला ठाऊक आहे मला का झोंबतं ते. फौजेच्या भरतीला पहिला मी गेलो होतो, तू नाही. पन्नास किलो लागत होते. मी आदल्या दिवसापासून डझनभर केळी खाल्ली, काट्यावर चढायच्या आधी पोट फुटेस्तोवर पाणी प्यालो आणि तरी काटा साडेअठ्ठेचाळीसवर अडला. दीड किलोसाठी त्या माणसाने मला हाताने बाजूला सारलं, पोतं सारावं तसं. तीन वर्षांनी तू गेलास. सकाळी शिळी पोळी खाऊन गेलास आणि छप्पन्न भरलास! मी पेढे वाटले. वाटताना काय वाटत होतं ते कुणाला सांगितलं नाही, आज तुला सांगतो. वाटत होतं, डबा गटारात उपडा करावा.

आणि हा पैलवान कोण? चार पानांच्या पत्रात अकरा वेळा पैलवान. मोजलं मी. एका ठिकाणी तर लिहिलंयस, "पैलवान मला मोठ्या भावासारखा." बरं. मग मी कोण, लहान काका?

तब्येतीला जप. वहिनी विचारते, पायाला पुन्हा फोड आले का.

दादा

१९ जानेवारी

दादा,

अकरा वेळा मोजलंस? धन्य आहे तुझी. इकडे आम्ही सगळे हसून हसून पडलो. म्हणजे पत्र मी मोठ्याने वाचलं, चूक झाली.

आता तुझ्या हमालांचं. ते साठ किलो उचलतात, वीस पावलं जातात आणि टाकतात. आम्ही टाकत नाही. सकाळी सहाला पाठीवर घेतलं की दुपारी दोनला उतरतं, आणि मध्ये कुणी गोळ्या घातल्या तर त्याच्यासकट पळायचं. तुला खरं वाटत नसेल तर ऐक. रायफल साडेचार, तिची भरलेली मॅगझिनं तीन. टोप दीड. छातीचं चिलखत एकटंच नऊ. पाणी अडीच, तीन दिवसांचं खाणं तीन, कांबळं आणि रबरी चादर मिळून साडेतीन, फावडं दीड, हातबाँब एक. बॅटरी, पट्ट्या, मोजे असल्या सटरफटरचे दोन. किती झाले? साडेएकतीस. ते तर प्रत्येकाकडेच असतात. पण मी मशीनगनवर दोन नंबर आहे. एक नंबर बंदूक वाहतो आणि चालवतो, दोन नंबर तिच्या गोळ्यांच्या माळा वाहतो आणि तिला भरवतो. त्या माळा बारा किलो. साडेत्रेचाळीस. कालच काट्यावर घातलं, हवालदारांसमोर. मी स्वतः एकसष्ट.

एक नंबर म्हणजे पैलवान. आता बारावा झाला, मोज. त्याची बंदूक अकरा किलोची. माझ्याकडे गोळ्या नसतील तर त्याची बंदूक म्हणजे लोखंडी काठी, आणि तो नसेल तर मी नुसता हमाल. म्हणून आम्ही एका ताटात जेवतो. तू जळू नकोस रे. तो तुझ्यासारखाच आहे, सारखा टोमणे मारतो.

एक काम आहे. आमच्या पिशवीचे खांद्याचे पट्टे अरुंद आहेत. तासाभरात खांद्यात रुततात आणि बोटं बधिर होतात. परवा मला मॅगझिन बसवता येईना, बोटं कुणा दुसऱ्याचीच वाटत होती. पैलवानाचं माझ्याहून वाईट, त्याचा डावा खांदा सोललाय. तू रुंद, आत गादी घातलेले पट्टे शिवून पाठवशील का? दोन जोड्या. एक त्याला, एक मला. हवालदार म्हणाले, मी पाहिलं नाही असं समजतो. पुढच्या महिन्याच्या शेवटी आम्ही वर जाणार आहोत. सराव नाही, खरं.

तुझ्यासारखा टाका इथे कुणाचा नाही, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. वहिनीला सांग, फोड बरे झाले.

तुझा,
बारक्या

४ फेब्रुवारी

बारक्या,

पट्टे आजच पार्सलने टाकले.

आधी एक कबुली देतो. रविवारी कारखाना बंद असताना मी वाळू भरून पोतं केलं, साडेत्रेचाळीस किलोचं, आपल्याच काट्यावर. दोऱ्या बांधून पाठीवर घेतलं आणि गोदामाचा जिना चढलो. तीन मजले. पहिल्या मजल्यावर मी तुला शिव्या देत होतो, दुसऱ्यावर स्वतःला, आणि तिसऱ्यावर कुणालाच नाही, कारण श्वास नव्हता. उतरताना कठडा धरून एक एक पायरी उतरलो. रखवालदाराने विचारलं, "काय चोरताय साहेब?" घरी येऊन आडवा पडलो तर तुझी वहिनी खांद्याला शेक देत म्हणाली, "भाऊ तिकडे वाहतो आणि कळा इकडे. तुम्हाला सवत आलीय, दुसरं काही नाही." तिला भारी सुचतं.

तर ठीक आहे, तुझे त्रेचाळीस खरे. वरचा अर्धासुद्धा खरा.

पट्ट्यांना चार बोटं रुंदीचा कॅनव्हास घेतलाय, आत लोकरीच्या नमद्याची गादी. पिशवीला जिथे जोड येतो तिथे वरून चामड्याचा तुकडा लावलाय. निळ्या दोऱ्याची जोडी तुझी. काळ्या दोऱ्याची तुझ्या पैलवानाची. अदलाबदल करू नकोस. तुझी तुझ्या मापाने केलीय, लहानपणापासून तुझे खांदे मला पाठ आहेत. शाळेत जाताना ओढा आला की कोण उचलायचं तुला? तेव्हा पैलवान नव्हता.

त्याला सांग, मोठ्या भावाने पाठवलेत. खऱ्या मोठ्या भावाने.

दादा

२० फेब्रुवारी

दादा,

पट्टे मिळाले! काय सांगू तुला. आठ तास चाललो, उतरवल्यावर बोटांनी लगेच सुईत दोरा ओवून दाखवला. अख्ख्या तुकडीने हात लावून पाहिलं. हवालदारांनी सुद्धा "मी पाहिलं नाही" म्हणत म्हणत चांगलं दोनदा पाहिलं.

तू रागावणार आहेस, पण सांगतोच. निळे पैलवानाला दिले. मी तुला ओळखतो ना दादा. माझ्या जोडीत तू एक थर नमदा जास्त घातला असणार, एक टीप जास्त मारली असणार. लहानपणी सुद्धा आईने दोन वाट्या दिल्या की तू भरलेली माझ्याकडे सरकवायचास. पण इथे हिशोब वेगळा आहे. त्याचा खांदा सोललेला आणि हातात बंदूक. तो थकला तर आमच्यातले नऊ जण उघडे पडतात. म्हणून जास्तीचं त्याला. काळे मला अगदी छान बसलेत, कुठे खुपत नाहीत.

त्याला फार अप्रूप वाटलं. म्हणाला, "मला आजवर कुणी काही शिवून पाठवलं नाही. तुझ्या दादाला माझ्याबद्दल काय लिहिलंस तू?" मी म्हटलं, जास्त काही नाही, बारा वेळा नाव.

आम्ही अठ्ठावीसला निघतो. तिकडे टपाल पोचत नाही, मागच्या तळावर साठत राहतं. तेव्हा पत्र नाही आलं तरी घाबरू नका.

बारक्या

२५ फेब्रुवारी

बारक्या, हे पत्र हातात पडताक्षणी काळे पट्टे काढ. आत्ताच्या आत्ता. पुढचं नंतर वाच.

काढलेस का?

चामड्याच्या तुकड्याखाली जोड आहे. तुझ्या, म्हणजे निळ्या जोडीला तिथे मी चौकट मारून आत फुली मारलीय, मेणाच्या दोऱ्याने, दोनदा. हत्ती लटकला तरी सुटणार नाही. काळ्याला एकच सरळ टीप आहे. साध्या दोऱ्याची. वरून चामडं लावलं म्हणून दिसत नाही. आमच्याकडे बाजाराच्या पिशव्यांना मारतात तशी टीप. पाच-दहा किलोला ती चालते.

मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं, आईशप्पथ नव्हतं. तुझी जोडी पूर्ण झाली तेव्हा संध्याकाळ झाली होती. काळ्या पट्ट्यांच्या कडा मारून झाल्या होत्या आणि मशीनमध्ये तोच साधा दोरा होता. मेणाचा दोरा ओवायला पाच मिनिटं लागली असती. पाच मिनिटं! आणि माझ्या मनात आलं, त्याच्यासाठी कशाला एवढं? भाऊ माझा, ताटात जेवतो त्याच्या, दादा म्हणतो त्याला. चालेल त्याला एवढं. हात आखडला माझा. नंतर चामडं लावताना एकदा वाटलं की उसवावं. नाही उसवलं.

तुझं पत्र आज दुपारी आलं. "काळे मला अगदी छान बसलेत" वाचलं आणि तसाच उठलो. धावत जाऊन तळावर फोन लावला. कारकुनाने तीनदा नाव विचारलं आणि सांगितलं, तुकडी परवाच हलली, ठरल्याच्या आधीच. निरोप देता येणार नाही. मी म्हटलं पट्ट्याचा निरोप आहे. तो म्हणाला, कसला पट्टा?

तरी पत्र टाकतोय. तुझी वहिनी बोलत नाही माझ्याशी. एकच वाक्य बोलली, "त्या परक्या माणसाच्या पाठीवर असते तर धावला असता का फोन करायला?"

दादा

२३ मार्च

पत्र मिळालं. अठरा दिवसांनी मिळालं, आम्ही खाली आल्यावर.

मी धडधाकट आहे, वहिनीला आधी हे सांग.

आता काय झालं ते लिहितो, एकदाच लिहीन. पहाटे चढ चढताना वरून गोळीबार सुरू झाला. मी आडवा पडलो, पिशवी एका बाजूला झोकांडली आणि डावा पट्टा जोडातून सुटला. आवाजसुद्धा झाला नाही. पिशवी उजव्या हातातून निसटून उतारावर गेली, पन्नास-साठ पावलं खाली, एका खडकाला अडकली. माळा सगळ्या तिच्यात. बंदुकीत तेव्हा जेमतेम अर्धी माळ उरली होती, आणि बंदूक थांबली तर वरचे आमच्यावर उतरणार हे सगळ्यांना दिसत होतं.

माझी पिशवी, मीच जाणार. मी उठलो तर पैलवानाने कॉलर धरून खाली दाबलं. बंदूक माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तू मार, थांबून थांबून मार. तुला काही झालं तर तुझ्या दादाला काय तोंड दाखवू? एवढे पट्टे शिवून पाठवले माणसाने मला." आणि गेला.

पिशवी छातीशी धरून वर येत होता. दहा पावलं उरली होती. उजव्या गुडघ्यात लागली. पडला तरी त्याने माळा माझ्याकडे फेकल्या, एक एक करून. आम्ही टेकडी धरली. त्याचा पाय मांडीपासून कापलाय.

तुझं पत्र वाचल्यावर मी दोन दिवस काही खाल्लं नाही. तुला काय काय म्हणायचं होतं ते सगळं लिहून फाडलं. एवढंच ठेवतो: मला तुझी लाज वाटते, दादा. तू माझ्यावर एवढा जीव टाकतोस की दुसऱ्याला माणूस समजत नाहीस. असला जीव मला नको.

चौकशी झाली, पिशवी कशी सुटली म्हणून. मी सांगितलं, मी नीट बांधली नव्हती. नाहीतर तुझं नाव, हवालदारांचं नाव, सगळंच निघालं असतं. मला बढतीची फीत मिळणार होती ती थांबली. तू यात काही करू नकोस.

पैलवानाला तुमच्याच शहरातल्या मोठ्या रुग्णालयात आणलंय. त्याला कुणी नाही. त्याला पट्ट्याचं माहीत नाही, त्याला वाटतं मीच हलगर्जी केली, आणि तरी मला वाईट बोलला नाही. तू जा त्याच्याकडे. काय बोलायचं ते तू ठरव. मी सांगणार नाही.

बारक्या

११ एप्रिल

बारक्या,

गेलो होतो. सहा वेळा.

पहिल्या दिवशी वॉर्डात शिरलो आणि एखादा आडदांड गडी शोधत राहिलो. इतके दिवस डोळ्यांपुढे तोच होता ना, दंडाची बेटकुळी फुगवून तुझ्या शेजारी बसलेला. नर्सने बोट दाखवलं त्या खाटेवर एक किडकिडा माणूस, माझ्याहून बारीक. त्याला पैलवान नाव कुणी ठेवलं रे? मी नाव सांगितल्याबरोबर उठून बसायला लागला. "दादा! या या!" माझा हात दोन्ही हातांत धरला आणि शेजारच्या खाटेवाल्याला सांगू लागला, हे ते पट्टेवाले. मी सफरचंदं ठेवली आणि पळालो. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी सांगितलं. सगळं. निळा, काळा, मेणाचा दोरा, पाच मिनिटं. उभ्यानेच सांगितलं, बसायचा धीर झाला नाही.

मग त्याने पहिलं काय विचारलं माहितेय? पायाचं नाही. "म्हणजे बारक्याने चौकशीत उगाच स्वतःवर घेतलं?" मी म्हटलं हो. "आणि त्याची फीत?" मी म्हटलं थांबली. आणि बारक्या, तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही म्हणून लिहितो: एवढं सगळं होऊन, त्या माणसाच्या रिकाम्या चादरीसमोर उभा राहून, त्याने तुझी काळजी आधी केली म्हणून माझ्या पोटात पुन्हा दुखलं. मेलं जात नाही ते. असला कसला मी.

मग तो म्हणाला, "शिवताना चूक होते, समजू शकतो. पण तुम्ही तर मला ओळखतसुद्धा नव्हता." आणि भिंतीकडे वळला. तसाच म्हणाला, "उद्यापासून येऊ नका."

त्या दिवशी घरी न जाता तुमच्या अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. पट्टे मी शिवले, टीप मी कच्ची मारली, चामडं कारखान्यातलं न विचारता घेतलं, माझ्या भावाची चूक नाही. हवालदारांचं नाव कुठेच घातलं नाही. तू नको म्हणाला होतास, तरी टाकलं. त्याची एक प्रत मुकादमाला दिली. त्याने वाचली, चष्मा काढला आणि मला मशीनवरून उठवलं. आता काय ते त्यांचं ठरेल. तुझी वहिनी त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी माझ्या शेजारी बसून जेवली.

चौथ्या आणि पाचव्या दिवशी मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो. नर्स आत जाऊन विचारायची आणि येऊन मान हलवायची. मी बसून राहायचो, भेटीची वेळ संपली की उठायचो. काम नव्हतंच, वेळ भरपूर.

काल सहावा दिवस. नर्स आली आणि म्हणाली, आत बोलावलंय. तो खाटेच्या काठावर बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला संडासला जायचंय. कुबड्या अजून मिळाल्या नाहीत."

मी पाठ केली. त्याने गळ्याभोवती हात टाकले आणि मी उचललं. लांब आहे रे तो व्हरांडा. बांधलेला पाय दाराला लागू नये म्हणून तिरकं चालावं लागत होतं. अर्ध्या वाटेत माझा श्वास लागला तसा तो कानाशी म्हणाला, "थांबायचं असेल तर थांबा." मी म्हटलं, नाही, चालतं. तो म्हणाला, "मी तुम्हाला माफबिफ केलेलं नाही. वॉर्डबॉय जेवायला गेलाय, म्हणून."

मी म्हटलं, बरं. आणि नीट धरून चालत राहिलो.

दादा